खांड कोणीं बांधावी?

आपल्या इतिहासग्रंथांत किल्ल्यांना मोठें स्थान आहे, आणि तें योग्यच आहे. कल्याणच्या दुर्गाडीचें महत्त्व काय, ठाण्याचा किल्ला कोणत्या सालीं कोणाच्या हातून कोणाच्या हातांत गेला, वसईवर मराठ्यांचें निशाण केव्हां चढलें, हें शाळेंतील मुलालाही थोडेंबहुत सांगतां येतें. परंतु ज्या चिखलाच्या भिंतींच्या आड या खाडीकांठीं शेंकडों वर्षें भात पिकलें, त्या भिंती कोणीं घातल्या, कोणीं राखल्या, आणि वादळानें त्या फोडल्यावर पुन्हां कोणीं उभ्या केल्या, याचा वृत्तांत कोणी विचारीत नाहीं. किल्ला पडला तरी त्याचा एखादा बुरूज साक्ष द्यावयास मागें राहतो. मातीचा बांध एकदां फुटला आणि तसाच राहिला, तर थोड्याच वर्षांत तेथें बांध होता हेंही सांगणारा उरत नाहीं. या उपेक्षित बांधांच्या इतिहासांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ती वाचकांपुढें मांडावी एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ठाणें जिल्ह्यांत मानपाडा या नांवाचीं दोन स्थळें प्रसिद्ध आहेत. एक ठाणें शहराच्या उत्तरेस, घोडबंदरच्या रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशीं. दुसरें डोंबिवलीच्या बाजूस, कल्याण-शीळ रस्त्यानजीक. दोन्ही ठिकाणीं आज उंच इमारतींची दाटी झाली आहे, आणि दोन्हींपैकीं एकाही ठिकाणाहून समुद्र दृष्टीस पडत नाहीं. तथापि दोहोंचाही शेजारी समुद्रच आहे. उल्हास नदी कल्याणाजवळ आली कीं नांवानें नदी राहते, परंतु स्वभावानें खाडी होते. ठाण्यापाशीं तिला दोन वाटा फुटतात: एक साष्टीच्या उत्तरेनें वसईच्या समुद्राकडे, दुसरी ठाण्याच्या खाडीनें मुंबई बंदराकडे. या दोन्ही वाटांनीं भरतीचें पाणी दिवसांतून दोन वेळां आंत चढतें. पहिल्या मानपाड्याखालीं कोलशेत-बाळकुमाकडे उतरणारी जमीन, आणि दुसऱ्याच्या पश्चिमेस कोपर, मोठागांव व दिवें यांच्याकडे पसरलेली सखल भूमि, या दोहोंचा किनारा तो हाच. किनारा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें वाळू आणि नारळी उभ्या राहतात. परंतु ठाणें-कुलाब्याचा बराचसा किनारा वाळूचा नसून चिखलाचा आहे, आणि तो आंतल्या आंत कित्येक कोस गेलेला आहे.

या चिखलांतून शेत काढण्याची विद्या फार जुनी आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाजणाभोंवतीं चिकणमातीचा बांध घालावयाचा. बांधांत योग्य ठिकाणीं उघाडी ठेवावयाची, म्हणजे ओहोटीच्या वेळीं आंतलें पावसाचें पाणी बाहेर जाईल आणि भरतीच्या वेळीं दार मिटून खारें पाणी बाहेरच्या बाहेर राहील. मग दोन-तीन पावसाळे त्या जमिनीवरून गोडें पाणी वाहूं द्यावयाचें. मीठ धुऊन गेलें कीं प्रथम राता जातीचें, खारें सोसणारें भात येतें, आणि पुढें जमीन अधिकाधिक गोडी होत जाते. यास खारबंदिस्ती म्हणतात. आगरी आणि कोळी समाजाच्या कित्येक पिढ्या या विद्येवर जगल्या. एकाच खाडीच्या कांठीं बांधाच्या एका अंगास मीठ पिके, दुसऱ्या अंगास भात.

हा बांध पाहावयास साधा, परंतु त्याचे शत्रु पुष्कळ. चिंबोऱ्या आणि उंदीर त्यांत बिळें करतात. वैशाखाच्या उन्हांत चिकणमाती तडकते. उघाडीचें लांकूड कुजतें. यांपैकीं प्रत्येक दोष लहान असतो, आणि भांगाच्या भरतींत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतें तेव्हां, तो कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. परंतु मोठ्या उधाणाला मुंबई बंदरांत भरती-ओहोटींतील अंतर १४-१५ फुटांपर्यंत जातें. अशा उधाणाच्या पाठीवर वादळी वारा बसला कीं पाणी नेहमींच्या रेषेवर चढतें, बिळांतून आंत झिरपतें, माती सुटते, आणि बांधाला खांड पडते.

आतां खांड म्हणजे काय हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. घराचें छप्पर वादळांत उडालें, तर तें महिन्यानें शाकारलें काय किंवा दोन महिन्यांनीं शाकारलें काय, छपराचा खर्च फारसा बदलत नाहीं. खांडीचें तसें नाहीं. आंतील सर्व शेतें भरून टाकणारें पाणी त्या एका वाटेनें आंत येतें आणि सहा तासांनीं त्याच वाटेनें बाहेर पडतें. असें दिवसांतून दोन वेळां. प्रत्येक खेपेस तें वाटेची तळमाती आणि कडा खरवडून नेतें. पहिल्या दिवशीं जी खांड चारपांच माणसांनीं पेंढा, खुंट आणि मातीचीं ढेकळें टाकून मिटविली असती, ती पुढल्या उधाणापर्यंत गांवाच्या आटोक्याबाहेर जाते, आणि एक पावसाळा गेल्यावर तेथें लहानशी खाडीच तयार झालेली असते. म्हणून जाणते लोक भांगाचे दिवस साधतात, दोन्ही कडांकडून एकदम काम करीत मध्यापर्यंत येतात, आणि शेवटचें तोंड ओहोटी संपण्याच्या आंत बंद करतात. कारण वाट जसजशी अरुंद होते तसतसा प्रवाह अधिक जोराचा होतो. सारांश, खांडीच्या दुरुस्तीचा खर्च मातीनें ठरत नाहीं, विलंबानें ठरतो.

विलंब कशामुळें होतो? मातीची वाण कधींच नव्हती, माणसांचीही नव्हती. वाण असे ती ‘हें काम माझें’ असें म्हणणाऱ्याची.

वादळें तर या किनाऱ्यास नवीन नाहींत. मे १६१८ मध्यें मुंबई-वसईच्या प्रदेशावर आलेल्या प्रचंड वादळाचें वर्णन पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलें आहे. १ नोव्हेंबर १८५४ च्या वादळानें मुंबईत अवघ्या कांहीं तासांत सुमारें एक हजार माणसें दगावल्याची नोंद आहे. नोव्हेंबर १९४८ मध्यें पुन्हां मुंबई-ठाण्यावरून चक्रीवादळ गेलें. पुढें ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’, ३ जून २०२० रोजीं श्रीवर्धन-दिवेआगराजवळ किनाऱ्यावर चढलेलें ‘निसर्ग’, आणि मे २०२१ मध्यें किनाऱ्यास समांतर गेलेलें ‘तौक्ते’ हीं आपल्या आठवणींतलीं आहेत. या तारखा एकत्र वाचल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. अरबी समुद्राचीं मोठीं वादळें बहुधा पावसाळ्याच्या दोन उंबरठ्यांवर येतात. मे-जूनचें वादळ येतें तेव्हां शेत रिकामें असतें, परंतु बांध तडकलेला असतो. नोव्हेंबरचें वादळ येतें तेव्हां बांध पावसानें भिजून खचलेला असतो, आणि उशिरानें पिकणारें भात शेतांत किंवा खळ्यावर असतें. पहिल्यांत वर्षाची पेरणी जाते, दुसऱ्यांत हातातोंडाशीं आलेला घास जातो. त्यामुळें डागडुजीचा हंगाम या दोन संकटांच्या मध्यें, पौषापासून वैशाखापर्यंतच, सांपडतो. तो चुकला तर वर्ष चुकलें.

हें काम कोणाचें, याचें जुनें उत्तर कुलाबा जिल्ह्यांत, पेण व अलिबाग तालुक्यांच्या खारेपाटांत, फार रेखीव सांपडतें. तेथें दोन रीती होत्या. एकींत एखादा सधन माणूस सरकारांतून कौल घेऊन स्वतःच्या पैशानें बाहेरचा मोठा बांध घाली आणि आंतील जमीन कुळांना लावून देई. त्यास शिलोत्रीदार म्हणत. बाहेरचा बांध सुस्थितींत ठेवण्याबद्दल कुळानें धाऱ्याखेरीज दर बिघ्यास एक मण भात त्यास द्यावयाचें, असा परिपाठ होता. हा मण खंडाचा भाग नव्हता. तो केवळ दुरुस्तीचा होता. दुसऱ्या रीतींत धनिक मध्यस्थ नसे. शेतकरी एकत्र येऊन बांध घालीत आणि एकत्र येऊनच तो राखीत. या रीतीस कुलारग असें नांव होतें.

या दोन रीतींपैकीं पहिली श्रीमंताची आणि दुसरी गरिबाची असें म्हणून भागणार नाहीं. दोहोंत एक समान तत्त्व आहे, तें असें: खांड पडण्यापूर्वींच ती बांधणारा ठरलेला आहे, आणि त्याच्या हातीं त्यासाठीं कांहीं ठेवलेलें आहे. शिलोत्रीदाराजवळ भाताचे मण होते, कुलारगाजवळ घरटी माणूस होता. वादळानंतर सभा भरवून ‘आतां काय करावें’ असा विचार करण्याची पाळी दोघांवरही येत नसे. गरज पडेल तेव्हां वर्गणी काढण्यापेक्षां गरज नसतांना मण काढून ठेवणें शहाणपणाचें, हें ज्ञान त्या खाजणांतल्या लोकांनीं कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकावांचून मिळविलें होतें.

अर्थात् जुन्याचा गौरव करतांना त्याच्या वैगुण्याकडे डोळेझांक करणें योग्य नव्हे. मण घ्यावयाचा हक्क वंशपरंपरेनें चालतो, परंतु बांध पाहावयाची कळकळ वंशपरंपरेनें चालत नाहीं. जेथें शिलोत्रीदार गांव सोडून दूर राहूं लागला, तेथें तो मण खंडासारखाच एक खंड होऊन बसला, आणि खांडीचा भार पुन्हां कुळाच्याच डोक्यावर आला. खोत व सावकार यांच्याविरुद्ध अलिबाग तालुक्यांतील चरी व आसपासच्या गांवांच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ मध्यें जो संप पुकारला आणि वर्षानुवर्षें जमिनी पडीक ठेवून १९३९ पर्यंत चालविला, त्याची भूमि हाच खारेपाट होती. त्या लढ्याचीं कारणें अनेक होतीं; तथापि ज्या जमिनीचें अस्तित्वच एका मातीच्या भिंतीवर अवलंबून असतें, तेथें घेणारा आणि राबणारा यांच्यांत किती अंतर पडलें म्हणजे सारा डोलारा ढासळतो, हें त्या संपानें सर्वांस दाखविलें यांत संशय नाहीं.

स्वातंत्र्यानंतर सरकारनें हा प्रश्न हातीं घेतला. योगायोग असा कीं, ज्या १९४८ सालीं नोव्हेंबरचें तें वादळ झालें, त्याच सालचा मुंबई इलाख्याचा खारजमिनींविषयींचा कायदा आहे. त्यानें खारजमीन विकास मंडळ निर्माण झालें, आणि बांधांच्या योजनांचा खर्च सरकार व जमीनधारक यांनीं वांटून घ्यावा असें ठरलें. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. आणि कुळकायद्यान्वयें १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं कसणारीं कुळें जमिनीचीं मालक झालीं. न्यायाच्या दृष्टीनें हें अत्यंत इष्ट होतें, याविषयीं दुमत असूं नये. परंतु बांधाच्या दृष्टीनें त्यांत एक अडचण लपलेली होती. जमीन वांटतां येते, बांध वांटतां येत नाहीं. धनी शेंकडों झाले आणि बांध एकच राहिला. ज्याचें शेत आंतल्या बाजूस उंचावर, त्यास खांडीची घाई नसे. ज्याचें शेत खांडीच्या तोंडाशीं, त्याच्या एकट्याच्या हातीं कांहीं नसे. शेवटीं १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्यानें हा भार बव्हंशीं सरकारनें उचलला. आतां बांधास सरकारी खातें आहे, अंदाजपत्रक आहे, दगडाचें अस्तर आहे. परंतु खांड रात्रीं पडते, आणि मंजुरी महिन्यांनीं येते. शिलोत्रीच्या मणाचा गुण हा होता कीं तो गांवांतच कणगींत पडलेला असे.

या बाबतींत हॉलंडचें उदाहरण पाहण्यासारखें आहे, कारण समुद्राखालची जमीन कसण्यांत त्या लोकांची बरोबरी करणारे जगांत थोडे. तेथें तेराव्या शतकापासून गांवोगांवच्या जलमंडळांनीं बांध राखले. ज्याच्या वांट्यास बांधाचा जो तुकडा येई, तो त्यानें सांभाळावयाचा. ज्यास तें झेपत नसे, त्यानें आपलें फावडें बांधांत रोंवून निघून जावयाचें, आणि जो तें उपटील तो बांधासह त्याच्या शेताचा धनी व्हावयाचा, असा कडक दंडक जुन्या काळीं होता. एवढें असूनही ३१ जानेवारी १९५३ च्या रात्रीं उत्तर समुद्राच्या वादळानें तेथले बांध शेंकडों ठिकाणीं फोडले आणि १८३६ माणसें प्राणांस मुकलीं. लहान खांडी त्यांनीं थोड्याच अवधींत मिटविल्या. परंतु ज्या मोठ्या खांडींतून भरती-ओहोटी खेळूं लागली, त्या दिवसेंदिवस खोल होत गेल्या. औवरकर्क येथील शेवटची खांड मिटावयास नोव्हेंबर उजाडला, आणि त्यासाठीं दुसऱ्या महायुद्धांत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तात्पुरतीं बंदरें उभारण्याकरितां ज्या जातीच्या कांक्रीटच्या प्रचंड पेट्या निर्माण झाल्या होत्या, तशा पेट्या आणून बुडवाव्या लागल्या. जगांतील उत्तम बांधकाम जाणणाऱ्या देशालाही खांडीनें नऊ महिने झुंजविलें. मग आपल्या खाडीकांठच्या गांवानें एक पावसाळा वाट पाहिली तर काय होतें, हें निराळें सांगावयास नको.

आपल्याकडे तर या विलंबास आतां एक नवें फळ येऊं लागलें आहे. खांड तीन-चार वर्षें तशीच राहिली कीं आंतील शेतांत तिवरें उगवतात. तिवर हा किनाऱ्याचा मित्र आहे. बांधाच्या बाहेरच्या अंगास त्याची रांग असली तर लाटेचा जोर मोडतो. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयानें २००५ मध्यें कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, तें योग्यच झालें. परंतु शेतांत एकदां तें वन माजलें म्हणजे शेतकरी दोन्हींकडून अडकतो. पाणी आंत आहे म्हणून पेरतां येत नाहीं, आणि तिवर वाढला आहे म्हणून जमीन मोकळी करतां येत नाहीं. पेण-अलिबागच्या बाजूस हें दुःख अनेक कुटुंबांनीं भोगलें आहे. सात-बारावर नांव आहे, शेतांत बोटभर जमीन नाहीं! झाडाचा त्यांत दोष नाहीं, न्यायालयाचाही नाहीं. दोष त्या पहिल्या आठवड्याचा आहे, ज्यांत चार माणसांनीं होणारें काम कोणाचेंच नव्हतें.

याच खाडीवर बांधाचा दुसराही एक प्रकार आहे, आणि त्याची गोष्ट याच्या उलट आहे. १ मे १८५४ रोजीं आगगाडी ठाण्याच्या खाडीवरून कल्याणपर्यंत धांवूं लागली. वर सांगितलेलें मोठें वादळ त्यानंतर सहाच महिन्यांनीं आलें. त्या वेळेपासून आजवर किती उधाणें आणि किती महापूर या लोहमार्गानें पाहिले असतील! २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उल्हासेच्या कांठचीं गांवें जलमय झालीं. आगगाडीही बंद पडली. परंतु लोहमार्ग वाहून जातो तो पुन्हां बसविला जातो. तो कोणी खाडीस देऊन टाकीत नाहीं. त्याची माती खारेपाटाच्या मातीहून निराळी नाहीं. भेद इतकाच कीं, मार्गाच्या प्रत्येक टप्प्यास कोणी तरी नेमलेला आहे, आणि पावसाळ्यांत रात्रीं कंदील घेऊन रूळ तपासीत फिरणाऱ्या मनुष्यास तो टप्पा आपला आहे हें ठाऊक असतें.

आतां दोन्ही मानपाड्यांकडे पुन्हां वळूं. तेथील बहुतेक शेतें गेलीं आणि घरें आलीं. शेतकरी गेला तसा बांधावरून फिरणाराही गेला. मात्र पाणी गेलेलें नाहीं. तें पूर्वींच्याच वेळेला, पूर्वींच्याच वाटेनें येतें. जुन्या उघाडीचें काम आतां शहराच्या नाल्यांच्या तोंडावर येऊन पडलें आहे. भरतीच्या वेळीं खारें पाणी आंत येऊं नये आणि ओहोटीच्या वेळीं पावसाचें पाणी बाहेर जावें, हा प्रश्न शेतकऱ्यापुढें जसा होता तसाच आज सदनिकेंत राहणाऱ्या गृहस्थापुढें आहे. फरक एवढाच, शेतकऱ्यास तो प्रश्न ठाऊक होता. शिवाय पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील संशोधकांनीं दाखविल्याप्रमाणें अलीकडच्या दशकांत अरबी समुद्रांतील चक्रीवादळांची संख्या व जोर वाढत आहे. पूर्वीं पिढींत एकदां येणारी कसोटी आतां वरचेवर येण्याचा संभव आहे.

तेव्हां उपाय काय, असें कोणी विचारील. मोठ्या भिंती, नवीं यंत्रें, कांक्रीटचे धक्के यांची आवश्यकता असेल तेथें तीं अवश्य व्हावींत. परंतु त्यांच्या आधीं, आणि त्यांहून फार स्वस्तांत, करण्यासारखें एक काम आहे. खाडीकांठच्या प्रत्येक बांधाची, उघाडीची आणि नाल्याच्या तोंडाची यादी असावी, आणि प्रत्येकापुढें एका माणसाचें नांव असावें. त्यानें ती जागा ज्येष्ठाच्या उधाणापूर्वीं एकदां आणि कार्तिकाच्या उधाणापूर्वीं एकदां पायानें फिरून पाहावी. आणि खांड पडल्याच्या दिवशीं वरच्या मंजुरीची वाट न पाहतां खर्च करतां येईल अशी कांहीं रक्कम आधींपासून त्याच्या स्वाधीन असावी. यांत नवें असें कांहींच नाहीं. खारेपाटांतल्या अक्षरशत्रु माणसांनीं बिघ्यामागें एक मण भात बाजूला काढून हीच व्यवस्था केली होती.

मानपाड्याचा आजचा रहिवासी शेत कसत नाहीं, परंतु तोही त्याच खाडीचें कूळ आहे. तिनें बाहेर राहावें म्हणून तो तेथें राहूं शकतो. त्याच्या घरपट्टींत दिव्याचा, रस्त्याचा, कचऱ्याचा हिशेब आहे. बांधाचा मण त्यांत कोठें आहे, आणि तो कोणाच्या कणगींत पडतो, हें त्यानें येत्या उधाणाच्या आधीं एकदां विचारून घ्यावें.